सामाईक कपाटाच्या किल्ल्या



वसंतातल्या व्याख्यानांना इतिहास, वाङ्मय, अध्यात्म असले विषय शोभतात. त्या पंगतीत 'घरातल्या संगणकांवरील सामाईक फोल्डर आणि त्यांची राखण' हा विषय घेऊन उभे राहणे म्हणजे पंगतीत मीठ वाढीत फिरण्यासारखे आहे. मीठ वाढणाऱ्याकडे कोणी मान वर करून पाहत नाही. तो आलाच नाही तर मात्र सर्वांना त्याची आठवण होते. तेव्हा त्या माणसाइतकीच माझी अपेक्षा आहे.

विषयाचे नाव नवे असले तरी त्याचा गाभा कोकणाला मुळीच नवा नाही. 'सामाईक' हा शब्द आपल्याला शाळेत जाण्यापूर्वीच कळतो. सामाईक विहीर, सामाईक वाट, सामाईक कलमांची बाग. या सामाईकपणातून किती दावे उभे राहिले हे येथील वकील मंडळी माझ्यापेक्षा चांगले सांगू शकतील. पण या भांडणांकडे जरा अलिप्तपणे पाहिले तर असे दिसते की, वस्तू सर्वांची आहे याबद्दल सहसा कोणाचा वाद नसतो. पाणी भरण्याचा हक्क सर्वांना मान्य असतो; विहिरीवर पंप बसविण्याचा हक्क कोणाला, हे कोणी ठरविलेले नसते. आंबे खाण्यास कोणाची ना नसते. फांदी तोडावयाची झाली की सारे उठून बसतात. म्हणजे प्रश्न 'कोणाचे' हा नसून 'कोणी काय करावयाचे' हा असतो. संगणकावरील सामाईक फोल्डरची सारी विद्या एवढ्या एका प्रश्नाभोवती फिरते.

आता ही गरज पडते कशी ते पाहू. पूर्वी घरात संगणक असलाच तर एक असे, आणि त्यावर कापड झाकलेले असे. आज त्याच घरात वडिलांचा जुना संगणक असतो, त्यावर आंब्याच्या पेट्यांचे हिशेब असतात. मुलाचा लॅपटॉप असतो. सून घरी बसून मुंबईच्या कचेरीचे काम करते, तिचा लॅपटॉप निराळा. शिवाय दोनचार मोबाईल आणि भिंतीवरचा दूरदर्शन संच, तोही आता अर्धा संगणकच. हिशेबाचा कागद एका संगणकावरून दुसऱ्यावर न्यावयाचा म्हणजे पेनड्राइव्ह शोधण्यात अर्धा दिवस जातो. मग एकाच हिशेबाच्या तीन प्रती तीन ठिकाणी होतात. एकीचे नाव 'अंतिम', दुसरीचे 'अंतिम नवीन', तिसरीचे 'हेच खरे अंतिम'. व्यापाऱ्याला पाठविली जाते ती नेमकी चौथीच. या घोळावर उपाय म्हणून कागद एकाच ठिकाणी ठेवावयाचा व सर्वांनी तेथे जाऊन पाहावयाचा, ही कल्पना उत्तम आहे. कोणी विचारील की, त्यासाठी इंटरनेटवरच्या कोठारात ठेवले तर? ज्यांना सोयीचे असेल त्यांनी खुशाल ठेवावे. परंतु श्रावणात तीन तीन दिवस बाहेरची तार बंद पडते तेव्हाही, घरात वीज असेल तर घरातले संगणक आपल्या राउटरमार्फत एकमेकांशी बोलू शकतात. ही सोय लहान नाही.

हे बोलणे चालते तरी कसे? ज्या संगणकावर फोल्डर आहे तो संगणक दार किलकिले करून बसतो. या दाराला क्रमांक आहे, ४४५. दुसरा संगणक येऊन दारावर थाप मारतो, आपण कोण ते सांगतो, आणि ओळख पटली तर आत घेतला जातो. या संभाषणाची एक ठरीव भाषा आहे, तिला एसएमबी म्हणतात. १९८० नंतरच्या दशकात ती आयबीएम या कंपनीत जन्मली व पुढे मायक्रोसॉफ्टने वाढविली. १९९२ च्या सुमारास ऑस्ट्रेलियातील अँड्र्यू ट्रिजेल नावाच्या तरुणाने ही भाषा बोलणारा आपला स्वतंत्र कार्यक्रम लिहिला व सर्वांना फुकट दिला. त्याला नाव हवे होते, तेव्हा एस, एम आणि बी ही तीन अक्षरे याच क्रमाने येणारा शब्द त्याने संगणकातील शब्दांच्या यादीतून हुडकला. निघाला 'सांबा'. दक्षिण अमेरिकेतील त्या नृत्याशी याचा एवढाच संबंध. आज घरात ठेवण्याच्या कित्येक लहान साठवण-पेट्यांत हाच सांबा काम करीत असतो.

आपल्याकडील जुन्या घराची मांडणी डोळ्यांपुढे आणा. अंगणात कोणीही यावे. ओटीवर ओळखीच्याने यावे. माजघरात घरच्यांनी. आणि कोठीच्या खोलीला कुलूप, त्याची किल्ली एकीच्याच कमरेला. ही मांडणी करणाऱ्या माणसाला कोणी संशयी म्हटले नाही. उलट ओटी मोकळी ठेवता येते ती माजघराला दार आहे म्हणूनच. संगणकावर मात्र आपण पहिल्याच दिवशी कोठीची खोली अंगणात आणून मांडतो. संपूर्ण 'डी' भाग सामाईक करून टाकतो, आणि कोणाला म्हणून विचारले की यंत्राने पुढे केलेला 'एव्हरीवन' हा शब्द तसाच राहू देतो. 'एव्हरीवन' म्हणजे घरातील सर्व असे आपल्याला वाटते. पासवर्डाची अट काढून टाकली असेल तर त्याचा अर्थ होतो जो कोणी दारापर्यंत पोहोचेल तो.

सामाईक करावयाचा तो एखादा वेगळा काढलेला फोल्डर असावा, सारे घर नव्हे. त्यात आणखी एक भेद करावयास हवा, तो वाचण्याचा आणि लिहिण्याचा. दूरदर्शन संचाला लग्नातली छायाचित्रे दाखवावयाची आहेत. त्याला वाचण्यापलीकडे अधिकार कशाला? हिशेब दोघे लिहितात, तेवढ्या दोघांना लिहिण्याचा अधिकार द्यावा, बाकीच्यांनी पाहावे. विंडोजमध्ये या कामी दोन कुलपे आहेत हे पुष्कळांना ठाऊक नसते. एक कुलूप बाहेरच्या दाराला, म्हणजे 'शेअरिंग' या पानावर. दुसरे खुद्द फोल्डरला, 'सिक्युरिटी' या पानावर. बाहेरून येणाऱ्याला दोन्ही ओलांडावी लागतात आणि दोहोंत जे अधिक कडक ते चालते. बाहेर सर्व मोकळीक दिली पण आत केवळ वाचनाची परवानगी आहे, तर पाहुणा वाचूच शकेल. 'परवानगी तर दिली, मग उघडत का नाही?' या तक्रारीचे मूळ बहुधा याच ठिकाणी सापडते.

लिहिण्याच्या अधिकारात पुसण्याचाही अधिकार येतो. आणि येथे एक खड्डा आहे. आपल्याच संगणकावरील कागद पुसला तर तो केराच्या टोपलीत जाऊन पडतो, तेथून काढता येतो. दुसऱ्या संगणकावरून सामाईक फोल्डरमध्ये शिरून पुसला, तर तो साधारणतः टोपलीत जातच नाही. तेथल्या तेथे नाहीसा होतो. सुटीत आलेल्या नातवाने जागा करावी म्हणून आजोबांच्या संगणकावरील छायाचित्रे आपल्या लॅपटॉपवरून साफ केली, तर त्याच्या हेतूत काही वावगे नसते. पण ती छायाचित्रे गेली ती गेलीच. सातबाऱ्याचा उतारा पुन्हा मिळेल, आता तो सरकारच्या संकेतस्थळावरून डिजिटल सहीनिशी मिळतो. आजीचा ध्वनिमुद्रित केलेला आवाज कोणत्या कचेरीत अर्ज करून मिळावयाचा?

हे झाले घरच्या माणसांचे. बाहेरून येणाऱ्या संकटाची कथा २०१७ सालची आहे, आणि तिचा एक तुकडा आपल्या कोकणपट्टीतच घडलेला आहे. एसएमबी या भाषेच्या पहिल्या, जुन्या बोलीत एक दोष होता. दारावरच्या माणसाने ओळख न देताच विशिष्ट प्रकारे बोलले की दार आपोआप उघडे. मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ रोजी त्यावर दुरुस्ती काढली. पुष्कळांनी ती बसविली नाही. १२ मे रोजी 'वॉनाक्राय' हा खंडणीखोर कार्यक्रम जगभर सुटला. तो एका संगणकात शिरे, तेथील कागद कुलूपबंद करून किल्लीसाठी पैसे मागे, आणि त्याच वेळी शेजारच्या संगणकांच्या ४४५ क्रमांकाच्या दारांवर थापा मारीत फिरे. सुमारे दीडशे देशांतील दोन लाखांहून अधिक संगणक सापडले. इंग्लंडमधील सरकारी इस्पितळांत रोग्यांना परत पाठवावे लागले.

त्यानंतर दीड महिन्याने, २७ जूनला, त्याच दोषाचा आणि चोरलेल्या पासवर्डांचा उपयोग करून 'नॉटपेट्या' आला. युक्रेनमधील हिशेबाच्या एका कार्यक्रमातून तो सुटला आणि जहाजवाहतुकीतील मर्स्क या जगड्व्याळ डॅनिश कंपनीत घुसला. त्या कंपनीच्या समूहाकडे उरण तालुक्यातील जवाहरलाल नेहरू बंदरातील एका टर्मिनलचा कारभार होता. तेथले काम ठप्प झाले. म्हणजे युक्रेनमध्ये एका संगणकाने दार उघडले आणि न्हावा-शेव्याला कंटेनरांच्या रांगा लागल्या. मर्स्कला पुढे चार हजार सर्व्हर आणि पंचेचाळीस हजार संगणक नव्याने उभे करावे लागले.

या कथेतला मला सर्वांत बोधप्रद वाटणारा भाग निराळाच आहे. कोण मनुष्य कोण आणि त्याला कोठे प्रवेश, याची मुख्य वही सांभाळणारे सुमारे दीडशे संगणक मर्स्ककडे जगभर होते. ते एकमेकांशी सतत जुळलेले असत. एकात बदल झाला की सर्वांत होई. म्हणून त्या वहीची वेगळी प्रत कोणी ठेवली नव्हती. दीडशे प्रती असताना आणखी एक कशाला? नॉटपेट्याने त्या सर्व पुसल्या. वाचली ती एकच, आफ्रिकेतील घाना देशातली, आणि ती वाचण्याचे कारण त्या वेळी तेथली वीज गेलेली होती! वीज गेली की आपण काय बोलतो ते या व्यासपीठावर उच्चारण्यासारखे नाही. पण घानातल्या त्या अंधाराने एका बलाढ्य कंपनीची लाज राखली. जोडलेली प्रत ही दुसरी प्रत नव्हेच. ती पहिलीचीच सावली. खरी दुसरी प्रत ती, जी तारेपासून सोडवून फडताळात ठेवलेली आहे.

घरातल्या लहानशा जाळ्यातही हेच होते. खंडणीखोर कार्यक्रम मुलाच्या लॅपटॉपमध्ये शिरला आणि त्या लॅपटॉपला वडिलांच्या फोल्डरमध्ये लिहिण्याचा अधिकार असला, तर त्याला वडिलांच्या संगणकात निराळे घुसावे लागत नाही. मुलाच्या नावाने तो सरळ दारातून जातो आणि सर्व कागद कुलूपबंद करतो. आपण मुलावर विश्वास टाकतो तेव्हा मुलाच्या यंत्रावरही टाकीत असतो. ही दोन माणसे निराळी आहेत हे ध्यानात असलेले बरे.

राजापूरच्या श्रोत्यांना याहून जवळचा दाखला देता येईल. येथे इंग्रजांची वखार होती ती व्यापारासाठी. पण १६६० साली सिद्दी जौहराने पन्हाळ्याला वेढा घातला तेव्हा या वखारीतले इंग्रज तोफा व दारूगोळा घेऊन, आपले निशाण लावून वेढ्यात जाऊन उभे राहिले. दुसऱ्या वर्षी शिवाजी महाराज राजापुरावर आले, वखार खणून काढली आणि इंग्रजांना कैद केले, हे आपण सारे जाणता. व्यापारापुरती मिळालेली मोकळीक कोणत्या कामाला लागेल हे देणाऱ्याच्या हेतूवर राहत नाही, एवढ्यापुरताच तो दाखला घ्यावा. महाराजांपाशी उपाय होता. आपल्याजवळ वखार खणण्याइतके बळ नाही, तेव्हा मोकळीक देतानाच मोजून द्यावी.

मोजून द्यावयाची ती प्रथम राउटरपाशी. गणपतीत चाकरमानी येतात. घरात पंधरा माणसे, वीस मोबाईल. वाय-फायचा पासवर्ड कागदावर लिहून फ्रीजवर चिकटविलेला. आतिथ्याला माझा विरोध नाही. परंतु तो पासवर्ड दिला की पाहुण्याचे यंत्र आपल्या संगणकांच्या शेजारी, माजघरातच येऊन बसते. बहुतेक राउटरांत पाहुण्यांसाठी वेगळे जाळे काढण्याची सोय असते, 'गेस्ट नेटवर्क' या नावाने. त्याला निराळे नाव, निराळा पासवर्ड द्यावा. पाहुण्याला इंटरनेट मिळते, घरातले संगणक मात्र दिसत नाहीत, आणि ते खरोखरच दिसत नाहीत ना हे एकदा आपल्याच मोबाईलवरून पाहून घ्यावे. राउटर बसविणारा मनुष्य पेटीच्या तळाशी छापलेला पासवर्ड तसाच ठेवून जातो, तोही बदलावा. मुंबईला बसून घरचा फोल्डर उघडता यावा म्हणून राउटरमधून ४४५ चे दार बाहेर उघडून देणारे हौशी तरुण भेटतात. त्यांना चहा पाजावा आणि हे काम करू देऊ नये. ज्याला खरीच गरज असेल त्याने जाणत्याकडून व्हीपीएनची सोय करून घ्यावी.

विंडोज नव्या जाळ्याला जोडले की ते 'पब्लिक' की 'प्रायव्हेट' असे ठरवावे लागते. येथे इंग्रजी शब्द आपल्याला चकवतो. 'पब्लिक' म्हटले की सर्वांना मोकळे होईल अशा भीतीने लोक सगळीकडे 'प्रायव्हेट' निवडतात. अर्थ उलटा आहे. प्रश्न संगणकाचा नसून तो ज्या जागी बसला आहे त्या जागेचा आहे. जागा चव्हाट्यावरची आहे असे सांगितले की संगणक आपली दारे लावून घेतो. घरची आहे म्हटले की उघडतो. तेव्हा रेल्वेच्या स्थानकावर, लॉजवर, कचेरीत 'पब्लिक', आणि स्वतःच्या घरी 'प्रायव्हेट'.

आता सर्वांत मोठा मोह. फोल्डर सामाईक केल्यावर दुसरा संगणक नाव आणि पासवर्ड विचारतो. आपण रोजचा चार अंकी पिन घालतो, तो चालत नाही. बोटाचा ठसा तेथे देताच येत नाही. अर्धा तास झगडल्यावर कोणीतरी सुचवितो की, 'पासवर्ड प्रोटेक्टेड शेअरिंग' हे बंद करा म्हणजे कटकटच नको. आणि बंद होते ते कायमचे. वस्तुतः अडचण साधी आहे. पिन आणि ठसा त्या एका यंत्रापुरतेच असतात. जाळ्यावरून येणाऱ्याला खरा पासवर्डच द्यावा लागतो, आणि ज्या खात्याला पासवर्डच नाही त्याला विंडोज मुळात जाळ्यावरून आत घेत नाही. यावर सोपा मार्ग असा की, फोल्डर असलेल्या संगणकावर केवळ या कामासाठी एक साधे स्थानिक खाते काढावे, अधिकार सामान्य ठेवावे, त्याला लांबसा पासवर्ड द्यावा. फोल्डरच्या परवानगीतून 'एव्हरीवन' काढून या खात्याचे नाव घालावे. लिहिणाऱ्यांसाठी एक खाते आणि नुसते वाचणाऱ्यांसाठी दुसरे, असे केले तर फारच उत्तम. दुसऱ्या संगणकाने एकदा विचारले की तेथे हे नाव व पासवर्ड द्यावा. लक्षात ठेवण्यास सांगितले की पुन्हा विचारणार नाही. दहा मिनिटांचे काम आहे.

जुनी बोली, ती एसएमबीची पहिली आवृत्ती, २०१७ च्या अखेरीपासून नव्याने बसविलेल्या विंडोज १० मध्ये मायक्रोसॉफ्टने देणेच थांबविले. तरी एखादा जुना स्कॅनर किंवा साठवण-पेटी चालावी म्हणून ती पुन्हा चालू करून देणारे आहेत. तसल्या यंत्राला निवृत्त करावे हे बरे. खुद्द विंडोज १० चा नेहमीचा आधारही १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, हे जुन्या संगणकावर हिशेब ठेवणाऱ्या बागायतदारांनी विसरू नये.

राहता राहिली फडताळातली प्रत. अर्जुना आणि कोदवली यांचे पाणी जवाहर चौकात शिरते तेव्हा व्यापारी मंडळी दुकानातला माल वरच्या मजल्यावर हलवितात. चोपड्या पहिल्या हलतात. संगणकातल्या चोपड्यांचे तसेच करावे. बाहेरून लावण्याची एक डिस्क आणावी, आठवड्यातून एकदा जोडावी, सामाईक फोल्डर तिच्यावर उतरवावा आणि काढून ठेवावी. जोडून ठेवलेली डिस्क खंडणीखोराच्या हाती लागते, आणि वैशाखातल्या विजेच्या एका कडकडाटात संगणकाबरोबर तीही जळते. आपल्याकडच्या दमट हवेत वस्तू फार दिवस नुसती पडून राहणेही चांगले नाही, म्हणून आठवड्याचा नेम. दुसरी एक डिस्क दिवाळीला आणि शिमग्याला मुंबई-पुण्याच्या भावाकडे जावी व तेथली इकडे यावी. असे केले म्हणजे एक प्रत बाहेरगावी राहते, आणि भावाचे येणेही होते.

कोणाला काय दिले आहे हे आज रात्रीच पाहता येईल. विंडोजवर फोल्डरांची खिडकी उघडा, वरच्या पत्त्याच्या पट्टीत दोन उलट्या तिरक्या रेघा काढून पुढे आपल्याच संगणकाचे नाव लिहा आणि एंटर दाबा. जे फोल्डर दिसतील ते जाळ्यावर मांडलेले आहेत. त्यातले काही आपण कधी मांडले हे आठवणारही नाही. कोणी तीन वर्षांपूर्वी चित्रपट पाहण्यासाठी मोकळा केलेला असेल, कोणी छपाईवाल्या मुलासाठी. प्रत्येकावर उजवी कळ दाबून परवानग्यांची यादी वाचा. तीत 'एव्हरीवन' आहे का, विकून टाकलेल्या लॅपटॉपवर ज्याचा पासवर्ड साठविलेला होता ते खाते अजून आहे का, आणि ज्याला केवळ पाहावयाचे आहे त्याच्या नावापुढे लिहिण्याची खूण तर नाही ना, एवढे तपासा. नको असलेले काढून टाका, जुन्या खात्याचा पासवर्ड बदला.

घड्याळाकडे पाहता माझा वेळ संपला आहे. ज्यांनी प्रश्न चिठ्ठीवर लिहून पाठविले आहेत ते अध्यक्षमहाराजांच्या अनुमतीने आता घेतो.